पाणबुड्याचं पान

"पुस्तक कुठलंही आण, फक्त त्यात पाणबुड्या आहे ना, तेवढं बघ," डबा पिशवीत कोंबत नवऱ्यानं बजावलं. "संग्राहकांसाठीची तीन गाइड आलीत दुकानात. मला सुट्टी मिळाली असती तर मीच गेलो असतो."

"आणि तिन्हींत असला तर?"

"तर ज्यात त्याच्यावर जास्त लिहिलंय ते."

नवरा कृत्रिम दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. साच्यावरून दात घडवायचा आणि शेजारच्या खऱ्या दाताला शंका येणार नाही असा रंग त्याला द्यायचा, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. दिवसभर नकली दात करणाऱ्या या माणसाला घरी मात्र नकली काही म्हणता काही चालत नसे. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात त्याच्या जुन्या ॲक्शन फिगर उभ्या होत्या. वीतभर उंचीचे, हातपाय वळणारे सैनिक, गिर्यारोहक, एक अंतराळवीर, सगळे त्याच्या जन्माआधीचे. सासूबाई त्यांना बाहुल्या म्हणायच्या. मधल्या फळीवर एकटाच उभा होता तो पाणबुड्या. काळा रबरी सूट, पाठीवर हवेची दोन नळकांडी, पायांत बदकाच्या पंजांसारखे हिरवे फ्लिपर.

येत्या रविवारी संग्राहकांचा मेळावा होता आणि नवऱ्याला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं. या मेळाव्यात एक ज्येष्ठ गृहस्थ यायचे. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. ते वस्तूकडे बघायच्या आधीच विचारत, "पुस्तक कुठलं? पान कितवं?" उत्तर आलं नाही की भिंग खिशात टाकून पुढच्या टेबलाकडे. गेल्या वर्षी नवऱ्याच्या हातातल्या गिर्यारोहकाला त्यांनी असंच ओलांडलं होतं. घरी येऊन त्यानं ते हसत हसत सांगितलं खरं, पण पुढचे चार दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. तेव्हा यंदा पान मिळायलाच हवं होतं.

बायको दीड वर्षाच्या चिऊला कडेवर घेऊन दुकानात पोचली. दुकानदारांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तिन्ही गाइड तिच्यापुढे मांडली. एक भलंमोठं, रंगीत फोटोंचं. एक मध्यम. एक इतकं बारीक, की बाकीच्या दोन्हींच्या मध्ये दिसलंच नसतं.

"बसून बघा, ताई. घाई नाही," दुकानदार म्हणाले आणि त्यांनी चिऊच्या हातात एक जुनं कॅलेंडर दिलं.

मोठ्या पुस्तकात पाणबुड्याला चक्क अख्खं पान होतं. तिला इतका आनंद झाला, की फोटोखालच्या ओळी तिनं दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना आनंद ओसरला. 'मूळ पाणबुड्याचे फ्लिपर पिवळे. हिरवे असल्यास ती नंतरची नक्कल समजावी.'

आठवड्यातून एकदा त्या फ्लिपरांवरून कोरडा ब्रश फिरवायचा मान घरात फक्त तिला होता. ते हिरवे होते, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

मोठं पुस्तक तिनं मिटलं आणि चिऊच्या बुडाखाली सरकवलं. मध्यम पुस्तक जरा मायाळू निघालं. हिरव्या फ्लिपरचे काही अस्सल पाणबुडेही निघाले होते, असं त्यात म्हटलं होतं. मात्र अशांच्या डाव्या तळव्याखाली तीन आकडी क्रमांक असतो. नसल्यास नक्कल.

तिनं घरी फोन लावला.

"आई, कपाटातल्या पाणबुड्याचा डावा फ्लिपर जरा काढून बघता का? तळव्याखाली नंबर आहे का?"

"त्या बाहुल्यांना हात लावायचा नाही ना पण?"

"मी सांगतेय ना. हळूच बघा."

फोनवर थोडी खुडबुड ऐकू आली. "अगं, तळव्याला काहीतरी चिकट बसलंय. काही दिसत नाही."

"मग पुसून बघा, आणि मला सांगा."

दहा मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला. "नंबरबिंबर काही नाही. चांगला घासून बघितला. मग म्हटलं, हातात घेतलाच आहे तर सगळाच धुऊन टाकावा. किती मळलाय तो. साबणाच्या पाण्यात घातलाय."

"पाण्यात?"

"पाणबुड्या आहे ना तो? त्याला पाण्यानं काय होतंय?"

मध्यम पुस्तकात 'निगा' नावाचं प्रकरण होतं. त्याचं पहिलंच वाक्य होतं, 'रबरी सूट कधीही पाण्यात घालू नये.'

"आई, त्याला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

"काढते गं. गुदमरतोय थोडाच. पाठीवर नळकांडी आहेत की."

फोन ठेवून तिनं बारीक पुस्तक ओढलं. सूची पाहिली, मग सगळी पानं चाळली. सैनिक होते, गिर्यारोहक होता. पाणबुड्या नव्हता. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला.

"हे द्या."

दुकानदारांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पण तुम्हाला पाणबुड्या हवा होता ना? यात नाही तो."

"म्हणून तर."

"लोक पुस्तक बघून वस्तू पारखतात," ते म्हणाले. "तुम्ही वस्तू बघून पुस्तक पारखताय."

"वस्तू नाही हो, काका," ती चिऊच्या बुडाखालचं मोठं पुस्तक सोडवून घेत म्हणाली. "वस्तूचा मालक."

घरी आली तेव्हा पाणबुड्या कपड्यांच्या दोरीवर होता. दोन्ही खांद्यांना चिमटे लावून, चिऊच्या झबल्याच्या आणि सासूबाईंच्या रुमालाच्या मध्ये. सूट शेजारी वेगळा वाळत होता. सूट नसलेला पाणबुड्या कोणीही असू शकला असता.

"सुकलाय," सासूबाई अपराधी चेहऱ्यानं म्हणाल्या. "पण सूट आत जात नाहीये. मघापासून प्रयत्न करतेय."

दोघी मिळून बसल्या. एकीनं पाय धरले, एकीनं सूट ओढला. रबर कुईकुई करायचं आणि मांडीशी येऊन अडायचं. शेवटी सासूबाईंनीच शहाणपणा केला. त्यांनी चिऊची पावडर आणली, पाणबुड्याला अंगभर लावली, आणि सूट सुळकन वर गेला. पाठीवरची चेन पोटावर आलेली आहे, हे लक्षात आल्यावर सगळं पुन्हा एकदा झालं. तेवढ्यात चिऊनं एक नळकांडं तोंडात घातलं होतं. तेही काढून, पुसून लावलं. नवऱ्याची पावलं वाजली तेव्हा पाणबुड्या मधल्या फळीवर उभा होता. नेहमीपेक्षा जरा उजळ.

नवऱ्यानं हातपायही धुतले नाहीत. खुर्चीच्या काठावर बसून त्यानं सूची पाहिली, मग एकेक पान उलटलं. ती पाणी घेऊन उभी राहिली. सगळ्या वाटेनं तिनं एक वाक्य तयार केलं होतं, 'पुस्तकात असलं काय, नसलं काय, आपल्याला तर आवडतो ना.' ते म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"यात तो नाहीच," नवरा म्हणाला.

"पुस्तकात असलं काय—"

"नाहीच. म्हणजे काय ते कळतंय का तुला? हे लिहिणाऱ्यानंसुद्धा असा पाणबुड्या पाहिलेला नाही." तो उठला आणि त्यानं कपाट उघडलं. पाणबुड्याला नाकाशी नेलं. "आणि याला एक वास येतोय बघ. माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. तेव्हाच्या रबरात काहीतरी सुगंधी घालत असणार."

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"पण एका पुस्तकावर भागायचं नाही," तो म्हणाला. "बाकीच्या दोन्हींतही नाही, हे नक्की व्हायला हवं. उद्या जरा वेळ काढून मीच दुकानात जातो."

"कशाला?" ती एकदम म्हणाली. "मी पाहिली ना दोन्ही. पानन् पान पाहिलं. त्यांतही नाही."

पाणबुड्या त्याच्या हातात तसाच राहिला.

"तू तिन्ही पुस्तकं वाचलीस? चिऊला घेऊन?"

"वाचली."

"मला वाटायचं, तुला यातलं काही आवडत नाही. तू आपली माझ्यासाठी धूळ पुसतेस."

आता खरं सांगूनच टाकावं असं तिला वाटलं. "ऐक ना. त्या मोठ्या पुस्तकात काय होतं—"

"तू पाहिलंस, तिथंच विषय संपला." त्यानं पाणबुड्या जपून जागेवर ठेवला. मग दातांवर रंग चढवायचा त्याचा बारीक ब्रश घेतला, एक पांढरं कार्ड घेतलं आणि जीभ दातांत धरून लिहायला बसला. अक्षर सुरेख होतं त्याचं. कार्ड वाळल्यावर त्यानं ते तिच्यापुढे धरलं.

'पाणबुड्या. हिरव्या फ्लिपरचा. तीन पुस्तकांत शोधला, एकातही नोंद नाही. संशोधन : माझी पत्नी.'

"रविवारी टेबलाशी तूच बसायचं," तो म्हणाला. "भिंगकाका काय विचारतील ते तुला विचारू देत. मी चिऊला सांभाळीन."