घाटमाथ्यावरील राज्यात इंजिन तापविण्याचा तंटा माजला, त्याची हकीकत

श्रीमंगलमूर्ती सर्वांवर कृपा करोत, आणि ज्यांच्या गाड्या थंडीत पहिल्या झटक्यास सुरू होत नाहीत त्यांवर अंमळ अधिक करोत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास. घाटमाथ्यावर एक राज्य होते. नाव घेणे नाही, कारण तेथील लोक लवकर रागावतात. तीन इमारती, भोवती तट, तटास एक फाटक, फाटकावर पहारा, आणि आत रयतेपेक्षा गाड्या जास्त, ऐसे ते नांदते राज्य. तेथील अधिपती राजश्री अच्युतराव ढमढेरे. वीज खात्यातून निवृत्त होऊन चेअरमनपदी आरूढ जाहले, ते आजतागायत खाली उतरले नाहीत. दरसाल निवडणूक होत असे, आणि दरसाल दुसरा कोणी उभा राहत नसे, त्यास श्रीमंत प्रजेचे प्रेम म्हणत.

श्रीमंतांची स्वारी तरुणपणी जुन्या गाडीतून फिरत असे. त्या गाडीस हिवाळ्यात चोक ओढावा, मग तिने खोकावे, मग थरथरावे, मग कोठे पाऊल उचलावे, ऐसा तिचा शिरस्ता. ती गाडी भंगारात गेली, पण शिरस्ता श्रीमंतांपाशी राहिला. पुढे नवी गाडी घेतली. तिला चोक नाही, तिच्या पोटातील यंत्र आपले आपण थंडी ओळखून इंधन कमीजास्त करते. हे दुकानदाराने समजावून सांगितले, तेव्हा श्रीमंतांनी मान डोलविली आणि एक अक्षर मानले नाही. रोज पहाटे खाली उतरावे, गाडी सुरू करावी, ती तशीच धडधडत ठेवावी आणि वर जाऊन चहा घ्यावा, वर्तमानपत्र पाहावे, मग पुन्हा उतरून बॉनेटवर तळवा ठेवावा, जसा तापकरी मुलाच्या कपाळी ठेवतात. गाडीत एक निळा दिवा असे. इंजिन गार असता तो पेटे, ऊब आली की विझे. तो विझेपर्यंत चाक हलवू नये, हा श्रीमंतांचा धर्म. आणि उभ्या गाडीस ऊब येता येत नाही, म्हणून तो धर्म फार वेळ चाले. आता राजा करतो ते प्रजा करते. त्यामुळे हळूहळू तिन्ही इमारतींच्या गाड्या पहाटे एकाच वेळी धडधडू लागल्या, आणि मालक वर चहा पीत बसू लागले, आणि खाली धूर जमून धुक्यात मिसळला, तो दिसेना की धुके कोणते आणि धूर कोणता.

तळमजल्यावर हिराबाई कुलथे म्हणून एक बाई राहत. मुलींस गाणे शिकवीत. बाईंस दम्याचा विकार, आणि त्यांच्या निजायच्या खोलीची खिडकी नेमकी गाड्यांच्या तोंडी, किंवा खरे लिहावयाचे तर गाड्यांच्या पाठी, सायलेन्सरसमोर. पौषात बाईंचा खोकला इतका वाढला की सूर लावावा तर सुराआधी खोकला येई, आणि वाफेचे यंत्र तोंडास लावून बसावे लागे. मग बाई थेट श्रीमंतांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अच्युतराव, तुमच्या गाडीला थंडी वाजते म्हणून मी गुदमरायचं का?" श्रीमंत म्हणाले, "हिराताई, इंजिन म्हणजे काय ते तुम्हाला समजणार नाही. त्यात धातू असतो." बाई म्हणाल्या, "माझ्यात फुप्फुस आहे." तेव्हा श्रीमंतांनी विषय गंभीर आहे ऐसे जाणून सभा बोलाविली.

सभा गच्चीवर भरली. दोन पक्ष जाहले. तापवणाऱ्यांचे पुढारी खासा श्रीमंत. न तापवणाऱ्यांचे पुढारी प्रफुल्ल खांबेटे, वय तरुण, दंड भरलेले, गाडी लाल. या खांबेट्याने मोबाईलवर कोणा परदेशी माणसाचे भाषण ऐकले होते की हल्लीची इंजिने उभ्याने तापवू नयेत, सुरू करावे, अंमळ थांबावे आणि निघावे, पण सावकाश चालावे, चालता चालता इंजिन आपोआप तापते. भाषण खरे होते. परंतु खांबेट्याने त्यातील 'निघावे' एवढेच ऐकले, 'सावकाश' येण्याआधी मोबाईल खिशात घातला. तो उठून म्हणाला, "काका, तुमचं ज्ञान चोकच्या काळातलं आहे." श्रीमंत म्हणाले, "आणि तुझं ज्ञान फुकटचं आहे." मग एकाने तेलाच्या घट्टपणाचा दाखला दिला, दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याचा दिला, तिसऱ्याने काश्मिरात जवान काय करतात ते सांगितले, मग कोणी म्हणाले तू कधी काश्मिरात गेला होतास, आणि तेथून बोलणे उतरत उतरत कोणाच्या ओल्या कपड्यांचे पाणी कोणाच्या गॅलरीत पडते येथवर आले. हिराबाई तीन वेळा उठल्या, तीन वेळा खोकला आला, आणि खोकला संपेपर्यंत दुसऱ्याने बोलणे सुरू केले. अखेर ठराव जाहला की विषय शास्त्राचा आहे, त्यास अवधी लागेल, तोवर हिराबाईंनी खिडकी लावून घ्यावी.

खांबेट्यास हा अपमान वाटला. दुसऱ्या सकाळी त्याने सर्व राज्यास पुकारून बोलाविले की या आणि पाहा. लोक शाली गुंडाळून, माकडटोप्या चढवून जमले. खांबेटे गाडीत बसला, किल्ली फिरविली, आणि इंजिन जागे होते न होते तोच पाय दाबला, तो गाडीने ऐसी किंकाळी फोडली की पहाऱ्यावरील माणूस खुर्चीवरून उठून उभा राहिला. गाडी सुटली. परंतु रात्रभर दंव पडून पुढील काच पांढरी फटक जाहली होती, आणि पुसण्याचे भान वीरास नव्हते. गाडी फाटकाकडे म्हणून निघाली आणि राज्याच्या सूचनाफलकावर गेली. फलक मोडला, दिवा फुटला, नाक चेपले. वीर बाहेर आला, त्यास खरचटलेही नव्हते, फक्त तोंडाचा रंग गेला होता. कारण उघड होते, काचेवर बोटाने नाव लिहिता आले असते. परंतु श्रीमंतांनी चेपलेले नाक पाहिले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "बघा. गार आहे." आणि सर्व लोकांनी एकमेकांस सांगितले की गार होती, म्हणून ऐसे जाहले. त्याच सायंकाळी हुकूम निघाला की राज्यातील कोणतीही गाडी निळा दिवा विझल्याविना जागची हलू नये. नव्या फलकावर पहिली अक्षरे तीच उमटली. हिराबाईंनी खिडकीच्या फटीत जुन्या साड्या कोंबल्या.

आता खरे वर्तमान पुढेच आहे. श्रीमंतांच्या सूनबाई शर्वरी गरोदर होत्या, दिवस भरत आले होते. चिरंजीव नोकरीनिमित्त दूर देशी, रजा मिळून निघणार तो सूनबाईंस उजाडता उजाडता कळा सुरू जाहल्या, आणि सुरू जाहल्या त्या एकदम जोराच्या. श्रीमंतांच्या पत्नी इंदुमतीबाई यांनी दवाखान्यात फोन केला. तेथून उत्तर आले की रुग्णवाहिका पुढे शहरात गेली आहे, घाट चढून यावयास वेळ लागेल, तुमची गाडी असेल तर ताबडतोब निघा. गाडी तर होती. खांबेट्याची लाल गाडी कारखान्यात पडली होती, बाकीच्या हुकुमाप्रमाणे धडधडत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक वर चहावर होते. बाईंनी सूनबाईंस धरून धरून खाली आणले, मागच्या आसनावर बसविले. श्रीमंतांनी गाडी सुरू केली. आणि उतरले. आणि बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "अहो, निघा ना!"

श्रीमंत म्हणाले, "अगं, निळा दिवा आहे अजून."

"पोरीकडे बघा जरा!"

"तिच्यासाठीच म्हणतोय. घाटात मधेच बंद पडली तर? खांबेट्याचं काय झालं पाहिलंस ना? जरा दम धर."

आतून शर्वरी ओरडली, "बाबा, प्लीज!" श्रीमंतांचा चेहरा घामाने डबडबला होता. ते निर्दय नव्हते, हे लिहिणे प्राप्त आहे. सुनेवर त्यांची माया होती. परंतु भ्यालेला माणूस जे जन्मभर करीत आला तेच अधिक घट्ट धरतो, तैसे त्यांनी निळ्या दिव्यास धरले. तो आवाज ऐकून हिराबाई तोंडास पदर लावून बाहेर आल्या, धुरातून वाट काढीत गाडीपाशी पोचल्या, मागचे दार उघडून शर्वरीशेजारी बसल्या आणि तिचा हात हाती घेऊन म्हणाल्या, "श्वास सोड, हळूहळू सोड. या धुरात घ्यायला सांगत नाही, सोडायला सांगतेय." आणि स्वतः खोकल्या.

तेव्हा इंदुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग सुनेकडे पाहिले. मग गाडीस वळसा घालून चालकाच्या आसनावर जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतले. ही गोष्ट राज्यात कोणास ठाऊक नव्हती की बाई लग्नाआधी वडिलांची जीप चालवीत, उसाच्या बांधावरून चालवीत, आणि लग्न होऊन आल्यावर 'तुझ्याच्यानं क्लच जळेल' एवढ्या एका वाक्यावर त्यांचे चालविणे बंद पडले होते. लायसन मात्र त्या गुपचूप नवे करून घेत आल्या. का, ते त्यांसही सांगता आले नसते. बाईंनी फडक्याने काच पुसली, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. श्रीमंत बॉनेटवर तळवा ठेवून उभेच होते. बाईंनी खिडकीतून डोके काढले.

"बाजूला व्हा."

"अगं, तुला काय येतंय? क्लच जळेल!"

"जळू दे. बाजूला व्हा."

श्रीमंत बाजूस जाहले. जाहले म्हणण्यापेक्षा गाडी आली म्हणून व्हावे लागले. गाडी फाटकातून निघाली, आणि मागून राज्याचे अधिपती एका पायात चप्पल घालून "निळा दिवा! निळा दिवा!" ऐसे ओरडत धावले, ते फाटकापाशी थांबले.

गाडीत शर्वरी हुंदके देत म्हणाली, "आई, हळू." बाई म्हणाल्या, "हळूच चाललेय गं. पण चाललेय." त्यांनी रेस दिली नाही, उगाच पळविले नाही. जशी उतरणीस लागलेल्या बाईने पावले टाकावी तैसे सांभाळून सांभाळून नेले. देवीच्या देवळाच्या वळणावर निळा दिवा आपोआप विझला. तिकडे पाहावयास कोणास सवड नव्हती. हिराबाईंनी काच उघडून मोठा श्वास घेतला, पौषातील पहिला स्वच्छ श्वास, आणि शर्वरीस कळ आली की तिला एक लांब सूर लावावयास लावीत आणि स्वतः साथ करीत. ऐशा रीतीने तिघी बायका गात, ओरडत आणि रडत घाट उतरून दवाखान्यात पोचल्या.

मागाहून श्रीमंत रिक्षाने आले. रिक्षा थंडीत उभी होती, चालकाने सुरू केली आणि तत्काळ निघाला. श्रीमंतांनी त्यास थांब म्हटले नाही. येऊन पाहतात तो डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, ठोके उतरायला लागले होते. वेळेत आणलंत म्हणून. आणखी थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते." श्रीमंत बाकावर बसले. त्या घटकेस त्यांस सर्व उमगले होते, ऐसे वाटले. परंतु दुपारी राज्यातून लोक पेढे खावयास आले, आणि कोणी कौतुकाने म्हणाले की काका, गाडीने साथ दिली बरे का! तेव्हा श्रीमंत ताठ होऊन बसले, घसा साफ केला, आणि म्हणाले, "का नाही देणार? मी आधी तापवून ठेवली होती ना." आणि लोकांनी माना डोलविल्या, आणि एकाने टाळीही दिली.

इंदुमतीबाई नातीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "गाडी गारच होती. तापले होते ती मी."

मग लोक पेढ्यांकडे वळले. पेढे संपले.

तात्पर्य एवढेच की तो हुकूम अद्याप रद्द जाहला नाही, कारण रद्द करणे म्हणजे चुकलो म्हणणे, आणि त्या राज्यात तशी वहिवाट नाही. तो नुसता एके सकाळी फलकावरून पुसलेला आढळला, आणि पुसणाऱ्याचा शोध घ्यावा ऐसे कोणी सुचविले नाही. दोन्ही पक्ष आजही गच्चीवर भांडतात. श्रीमंतांचे मत कायम आहे, आणि ते आता डावीकडील आसनावर बसून सांगतात. परंतु पट्टा लावून त्यांचे पहिले वाक्य पुरे होते न होते तोच गाडी फाटकाबाहेर पडलेली असते. पाहिले तितके लिहिले. ज्यांस पटणार नाही त्यांनी आपली गाडी हवी तितकी तापवावी, पण आधी शेजारची खिडकी पाहावी.