लिटरमागे एक्केचाळीस

आमच्या नागानो प्रांतात हायब्रिड गाडी माझ्याइतकी काटकसरीने चालवणारा माणूस नाही. हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही! पण आकडे माझ्या बाजूने आहेत आणि आकड्यांशी वाद घालायला माझी बायकोसुद्धा धजत नाही. म्हणजे परवापरवापर्यंत धजत नव्हती.

मी मिकामी योशिनोबु. नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. दर महिन्याच्या सुरुवातीला गाड्यांच्या विक्रीचा तक्ता येतो, तो मी चहाचे घोट घेत घेत वाचतो. सलग सतरा महिने माझं मॉडेल पहिलं होतं. आणि जुलैत? चौथं! पहिलं कोण, तर ती चौकोनी छोटी गाडी, पिवळ्या नंबरप्लेटची, पावाच्या लादीला चाकं लावल्यासारखी! तेव्हापासून माझं डोकं जे तापलं ते उतरलंच नाही. लोकांना अक्कल नाही म्हणून गप्प बसायचं का? मी ठरवलं, आपणच काहीतरी करून दाखवायचं. आमच्या हायब्रिड मालकांच्या मंडळात अकिताच्या कुणा ओनोदेराचा विक्रम होता, लिटरमागे एक्केचाळीस किलोमीटर. नियम साधा. एका दिवसात एकाच रस्त्याने जाऊन-येऊन, आणि घरी परतल्यावर समोरच्या पडद्यावरच्या आकड्याचा फोटो.

नेमकी त्याच महिन्यात मुलीच्या लग्नाची बैठक ठरली. नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या जुन्या विश्रामगृहात, सकाळी अकराला. घरापासून बासष्ट किलोमीटर, रस्ता सपाट, सिग्नल मोजून पाच. देवानेच आखून दिलेला रस्ता!

"बाबा, त्या दिवशी तरी तो आकडा नको," चिहाया म्हणाली. ती सत्तावीस वर्षांची, इस्पितळात नर्स. एरवी हसरी, पण त्या दिवशी हात जोडून उभी होती. "तोमोहिसाच्या आईचा शकुनावर फार विश्वास आहे. दोनदा तारीख पुढे ढकलली त्यांनी. या वेळी काही अशुभ घडलं तर म्हणतात, हे लग्न नशिबातच नाही."

"अगं, लवकर पोचण्यासारखा शुभशकुन नाही!" मी म्हणालो. "दहा मिनिटं आधी पोचवतो. शब्द माझा."

तयारी मात्र मी आदल्या दिवसापासून केली. छत्र्या काढल्या, पायपुसणी काढली, मागचं सगळं सामान उतरवलं. चाकांत हवा टणक भरली. बायकोची, फुसाएची पर्स हातात घेऊन मी वजनाचा अंदाज घेतला.

"अहो, मलाही उतरवा की," फुसाए म्हणाली. "पंचावन्न किलो वाचतील!"

"अठ्ठावन्न," मी म्हणालो. इथे चूक झाली.

सकाळी ऑगस्टचं ऊन असं, की अंगणातली कोंबडीसुद्धा सावली सोडत नव्हती. एसी अर्थातच बंद. खिडक्याही बंद, कारण उघड्या खिडकीतून वारा गाडीला मागे खेचतो. ऊन येऊ नये म्हणून मागच्या काचांना मी काळे पडदे लावले. गाडी काळी, मेण लावून आरशासारखी घासलेली.

"या भट्टीत मी रेशमी किमोनो नेसणार नाही," फुसाए म्हणाली. "घामाचे डाग पडले की गेला. मी काळा झगा घालते, तिथे जाऊन बदलेन."

चिहायाचा किमोनोही पिशवीत गेला. मी काळा सूट घातला, तो आमच्याकडे लग्नालाही चालतो आणि मयतालाही. फरक फक्त टायचा. पांढरा टाय गरमीमुळे मी खिशात ठेवला. निघणार एवढ्यात चिहाया धावत घरात गेली आणि माझ्या आईचा फोटो घेऊन आली. मोठा, काळ्या चौकटीतला. आम्ही दोघं नोकरीला असताना त्या पोरीला आईनेच वाढवलं. नऊ वर्षं झाली तिला जाऊन.

"आजी बैठकीला असणार," चिहाया म्हणाली. "हिचं वजन मोजू नका."

मी मोजलं नाही. मनातल्या मनात धरलं, दीड किलो. काच फुटू नये म्हणून फुसाएने फोटो मांडीवर उभा धरला आणि पुढच्या सीटवर बसली.

काय चालली म्हणता गाडी! ताशी पंचवीस, कधी अठ्ठावीस. नुसत्या बॅटरीवर, मांजराच्या पावलांनी. बोगद्यांसाठी दिवे लावले ते तसेच राहिले. पडद्यावर आकडा चढत होता. अडतीस! एकोणचाळीस! घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात सोडला तर पायाचा दाब बदलतो. फुसाए आणि चिहाया मात्र पांढऱ्या रुमालांनी सारखे डोळे, गाल पुसत होत्या.

"बाबा, मला चक्कर येतेय!"

"श्वास हळू घे! काचेवर वाफ धरते!"

पुलापाशी मी बाजूच्या आरशात पाहिलं आणि माझं टाळकंच सटकलं! मागे कोण? पिवळ्या पाटीची पांढरी लादी! तीच, जुलैची पहिली! आणि तिच्यामागे आणखी दहाएक गाड्या, ओळीने.

"बघ, बघ फुसाए! तीच ती! आता हॉर्न मारील, आता घुसेल!"

पण ती घुसली नाही. हॉर्न नाही, काही नाही. रस्ता मोकळा असूनही कोणी पुढे जाईना. सगळे अंतर राखून, अदबीने मागे. मला वाटलं, शेवटी लोकांना कळलं तर! खऱ्या गाडीची किंमत कळली! पुढे गाव लागलं. रस्त्याकडेच्या कामगारांनी टोप्या काढल्या. एक म्हातारी शेतातून वर आली, कमरेत वाकली, आणि दोन्ही मुठी घट्ट आवळून छातीशी धरल्या.

"पाहिलंस? जोर लावा म्हणतेय!" मी म्हणालो. मीही मान झुकवून आभार मानले. तिने डोळे पुसले. इतकं प्रेम मला खात्यात बत्तीस वर्षांत मिळालं नाही.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही पोचलो. पडद्यावर एक्केचाळीस पूर्णांक तीन! ओनोदेरा खलास! दारातल्या नोकराने वाकून किल्ली मागितली, कारण तिथे पाहुण्यांची गाडी तेच लावतात. मी त्याला दहा वेळा बजावलं, "हळू. ब्रेक मारू नकोस. आकड्याला हात लावू नकोस." तो दहा वेळा वाकला.

फुसाए आणि चिहाया किमोनो नेसून आल्या. मी पांढरा टाय लावला. आईचा फोटो खोलीतल्या कोनाड्यात, फुलांशेजारी ठेवला. अकरा वाजले. अकरा पाच. अकरा दहा. चिहायाच्या तोंडाचा रंग उडाला.

"तोमोहिसाचे बाबा आयुष्यात कधी एक मिनिट उशिरा आलेले नाहीत," ती म्हणाली. "ते येत नाहीत बाबा. त्यांनी विचार बदलला."

"मग त्यांनाच शिस्त नाही!" मी म्हणालो. मला खरंच संताप आला होता. एवढा आकडा करून मी वेळेवर आणि हे लोक कुठे?

अकरा बावीसला दार सरकलं. व्याही नागासेसान, त्यांची बायको आणि तोमोहिसा, तिघंही आत येताच चटईवर पालथे पडून माफी मागायला लागले. नागासेसानच्या खांद्यावर, कोटावर मीठ सांडलेलं. आमच्याकडे मयतावरून आल्यावर टाकतात तसं.

"क्षमा करा, क्षमा करा!" नागासेबाई म्हणाल्या. "वाटेत प्रेतयात्रा लागली हो. पुलापासून अठरा किलोमीटर! मृताच्या पुढे गाडी कशी काढायची? सगळी रांग मागेच राहिली. मी सारा वेळ अंगठे मुठीत लपवून बसले होते. मग गावात मीठ घेतलं, देवळापाशी थांबलो, अंगावर टाकलं. आजच्या दिवशी, ऐन बैठकीच्या दिवशी! मला तर वाटतं, हा स्पष्ट इशाराच..."

अंगठे मुठीत! प्रेतयात्रा दिसली की आमच्याकडे लहान मूलही अंगठे लपवतं, नाहीतर आईबापाच्या शेवटच्या क्षणी आपण जवळ नसतो म्हणतात. मला त्या शेतातल्या म्हातारीच्या मुठी आठवल्या.

"शववाहिका काळी, पडदे ओढलेले," नागासेसान म्हणाले. "पुढे बसलेल्या बाईंच्या मांडीवर मृताचा फोटो. वळणावर काचेतून दिसला. किती शांत चेहरा होता! बाई बिचाऱ्या सारख्या डोळे पुसत होत्या."

आणि नागासेबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं.

त्यांच्या मुठी हळूहळू आवळल्या. अंगठे आत.

"या... या तर..."

चिहायाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी तो परतवला असता, मला सवय आहे. ती फक्त घाबरली होती. लहानपणी आजीला बाजारातून यायला उशीर झाला की ही दारात उभी राहायची, तशी.

"कोणीही मेलेलं नाही!" मी ओरडलो. "म्हणजे आई गेली, पण नऊ वर्षांपूर्वी!"

"मग ती शववाहिका?"

"ती माझी गाडी!"

"मग इतकी हळू?"

"लिटरमागे एक्केचाळीस!"

फुसाएने डोळे मिटून घेतले. चिहाया म्हणाली, "बाबा, मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही," आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. या वेळी घाम नव्हता.

"सगळी चूक माझी," मी कपाळ चटईला टेकवून म्हणालो. बत्तीस वर्षांत वरिष्ठांपुढेही मी इतकं खाली वाकलो नव्हतो. "एसी मी बंद ठेवला. पडदे मी लावले. पोर नको नको म्हणत होती. शिक्षा मला करा, तिला नको."

"म्हणजे आज कोणी गेलं नाही?" नागासेबाईंनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की!"

त्या उठल्या, कोनाड्यापाशी गेल्या, आईच्या फोटोसमोर गुडघे टेकून बसल्या. बराच वेळ. मग मुठी सुटल्या.

"मुलीची आजी पुढे आणि आम्ही मागे," त्या म्हणाल्या. "अठरा किलोमीटर हात धरून वाट दाखवत आणलं हो यांनी. याहून चांगला शकुन कुठला?"

चिहाया हुंदके देत हसली. तोमोहिसाने कपाळावरचा घाम पुसला. मी मान वर केली, तर व्याही माझ्या कानाशी आले.

"एक्केचाळीस? खरंच?" ते कुजबुजले. "आमच्या गाडीने आज अठ्ठावीस दिले. चार वर्षांतला उच्चांक! तुमच्या मागून चालल्यामुळे! मी पण दर महिन्याचा तक्ता बघतो. जुलैत आमची पहिली आली, पाहिलंत ना?"

पाहिलंत ना म्हणे! जेवणाच्या सगळ्या ताटल्या मी दात आवळून संपवल्या. पण एक्केचाळीस पूर्णांक तीन माझेच होते. परतीला फक्त शांत चालवायची होती.

तीन तासांनी निघालो. चिहाया थेट चालकाच्या दारापाशी गेली. "मी चालवणार. तुम्ही आजीला धरा." मी वाद घातला नाही. पडदे फुसाएने आधीच काढून टाकले होते. मी पुढे बसलो, आईचा फोटो मांडीवर घेतला. आणि अंगावर काटा आला. आत काय गारवा! डिसेंबरसारखा!

खिडकीशी तोच नोकर वाकून उभा. "आपल्या घरच्या मंडळींना येताना उकाड्याचा फार त्रास झाला, असं कळलं. म्हणून आम्ही तिन्ही तास गाडी चालू ठेवून एसी पूर्ण सोडला होता. आपण सांगितल्याप्रमाणे आकड्याला मात्र हात लावलेला नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. बावीस पूर्णांक चार.

बावीस! लादीपेक्षा कमी! माझ्या घशातून जी गर्जना निघणार होती ती मी कशी गिळली, मला ठाऊक. कारण दारात विश्रामगृहाची सगळी माणसं ओळीने उभी होती, मालकीणबाईंपासून स्वयंपाक्यापर्यंत. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पाहुणे दिसेनासे होईपर्यंत ती कमरेत वाकून राहतात. शेजारी व्याही, विहीणबाई, जावई, तेही वाकलेले. गाडी हलली. कुठे आवाज नाही. सगळ्यांच्या माना खाली.

"बाबा, हात दाखवा ना त्यांना," चिहाया म्हणाली. ती माझ्याशी बोलली होती.

मी हात वर केला. मग पुन्हा एकदा त्या आकड्याकडे पाहिलं, आणि कोणाला दिसणार नाही असे फोटोमागे दोन्ही अंगठे मुठीत लपवले.