नसीमआपाचे दोन्ही हात

नसीमआपा आली की आमच्या बेलापुरात ते आधी दाराला कळतं. ती कडी वाजवत नाही, हाका मारत नाही. दोन पावलं लांबून झेप घेते, दोन्ही तळवे एकदम दाराला टेकवते आणि ढकलते. दार नुसतं लोटलेलं असलं तर भिंतीवर जाऊन आपटतं. बंद असलं तर आतल्या माणसाला भूकंप झाल्यासारखं वाटतं. बँकेच्या काचेच्या दाराला तिनं असे हात लावले तेव्हा बंदूकवाला रखवालदार स्टुलावरून उठून उभा राहिला. आपा त्याला म्हणाली, "बसा, बसा. प्रॅक्टिस चाललीय."

आपा सहासष्ट वर्षांची आहे. मुलींच्या शाळेत तिनं भूगोल शिकवला, मी मराठी. निवृत्तही मागंपुढंच झालो. घरं शेजारी शेजारी, मध्ये एक पेरूचं झाड. झाड माझं आणि पेरू तिचे, असा आमचा जुना करार आहे.

"आधी श्वास घे," हे तिचं कुठल्याही दुखण्यावरचं औषध. पोरगी नकाशात हिमालय विसरली, तर "आधी श्वास घे." एकदा हेडमास्तर तिच्यावर भयंकर चिडून स्टाफरूममध्ये आले. आपा शांतपणे म्हणाली, "सर, आधी श्वास घ्या." त्यांनी घेतला, आणि कशासाठी चिडलो होतो तेच विसरले. तिच्या मुलाच्या, अझहरच्या निकाहात काझीसाहेबांनी त्याची कबुली विचारली आणि पोराला घाबरून आवाजच फुटेना. तेव्हा बायकांच्या बाजूनं पडद्याआडून खणखणीत आवाज आला, "अझहर, आधी श्वास घे!" काझीसाहेबसुद्धा हसायला लागले. अझहर आता कुवेतला असतो.

पोहायला ती लहानपणीच शिकली होती, भावांच्या मागं मागं, प्रवरेच्या पाटात. पण निवृत्तीनंतर एक दिवस तिचा टीव्ही बिघडला आणि ती माझ्याकडं बातम्या बघायला आली. चॅनेल बदलता बदलता पोहण्याची शर्यत लागली. बायका आधी दोन्ही हात पंखांसारखे मारत गेल्या, मग पाठीवर, मग बेडकासारख्या, आणि शेवटी नेहमीसारख्या. आपा खुर्चीच्या कडेला येऊन बसली.

"हे काय गं?"

"वैयक्तिक मेडले," मी पडद्यावरचं वाचलं. "चारी प्रकार एकटीनं पोहायचे."

"म्हंजी मिसळच की!" ती म्हणाली. "फुलपाखरू, पाठ, बेडूक, मोकळं. कुंदे, हे मला जमंल."

मला वाटलं, जमेल म्हणजे बघायला जमेल.

दुसऱ्या दिवसापासून ती रफिकभाईंच्या विहिरीवर जायला लागली. रफिकभाई तिचे चुलतभाऊ. विहीर मोठी होती, पण गोल. पाठीवर पोहताना आपाला दिशा कळायची नाही आणि डोकं मोटारीच्या पाइपावर आपटायचं. मग रविवारी नगरच्या तलावात जायची, एसटीनं. बसमध्येही स्वस्थ नाही. खांद्यातून हात गोल फिरवायची, म्हणून तिच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची. भाजीबाजारात उभ्या उभ्या फुलपाखरू करताना तिनं एकीच्या मेथीच्या जुड्या उडवल्या होत्या. त्या बाईनं शिव्या द्यायला तोंड उघडलं. आपा म्हणाली, "आधी श्वास घे."

नातेवाइकांमध्ये कुजबुज झाली. या वयात, असल्या कपड्यात! पोशाख गुडघ्यापर्यंतचा, अंगाला घट्ट. आपा पाण्याच्या काठापर्यंत लांब झगा घालून जायची आणि उडी मारायच्या क्षणी तो काढून माझ्या अंगावर फेकायची. एका नणंदेनं फारच लावून धरलं, तेव्हा रबरी टोपी दाखवून म्हणाली, "डोकं झाकलेलं हाय ना? मग झालं की."

ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेला आम्ही पुण्याला गेलो. आपा तिच्या वयोगटात पहिली आली. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. आणि मग कळलं की तिला बाद केलंय. फुलपाखरात आणि बेडकात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागायला हवेत, असा नियम. आपा पूर्वी स्कूटीवरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा खांदा आखडलेला. उजवा हात पोचायचा, डावा मागाहून यायचा.

आपा ओल्या अंगानं पंचांसमोर उभी राहिली. "दोन्ही हात माझेच हायेत ना?"

"हो मॅडम, पण एकाच वेळी..."

"मग एक आधी आला न् दुसरा मागनं आला, तर बिघडलं काय? दुसऱ्या कुनाचा तर न्हाई आला!"

पंच तरुण होता. त्याला हसू आवरेना, पण निकाल काही बदलला नाही. परतीच्या बसमध्ये आपा पहिल्यांदाच हात न फिरवता बसली होती. नगर मागं पडलं तेव्हा तिनं पुढच्या सीटच्या पाठीला दोन्ही तळवे लावून पाहिले. टप्‌, टप्‌. दोन आवाज. परत लावले. पुढचा माणूस वळून बघायला लागला. घरी पोचेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

तेव्हापासून गावातली दारं, कपाटं, फ्रिज, भिंती आणि एकदा तर ग्रामपंचायतीची नवी घंटागाडी, सगळं तिनं दोन्ही हातांनी शिवून काढलं. डाव्या खांद्याला सकाळ-संध्याकाळ शेक. पुढच्या राज्य स्पर्धेत तिचे हात बरोबर लागले. देशाच्या स्पर्धेतही लागले. आणि बँकॉकला होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. सोबतीचं माणूस म्हणून मी गेले. मला पोहता येत नाही, इंग्रजी जेमतेम येतं, विमानाची भीती वाटते. "म्हनूनच चल," आपा म्हणाली, "तुला बघून माझी भीती कमी हुईल."

बँकॉकच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं कशासाठी आलात असं विचारलं. आपा म्हणाली, "फोर टाइप स्विमिंग," आणि चारी प्रकार उभ्यानं करून दाखवले. मागची रांग दोन पावलं मागं सरकली. अधिकाऱ्यानं गंभीरपणे शिक्का मारला आणि तिला नमस्कार केला.

शर्यत दुपारी होती. तलाव एवढा लांब आणि पाणी एवढं निळं, की मला वरच्या बाकावर बसूनसुद्धा गरगरलं. आपाच्या वयोगटात आठ जणी होत्या. शेजारच्या पट्ट्यात एक जपानी बाई होती, काटक, पांढऱ्या केसांची. तिनं पाण्याला वाकून नमस्कार केला. आपानं ते पाहिलं आणि तिनंही केला. मग झगा काढला, मी जवळ नव्हते म्हणून तो एका थाई स्वयंसेविकेच्या अंगावर फेकला, आणि उडीच्या ठोकळ्यावर चढली.

शिट्टी झाली. फुलपाखरात जपानी बाई इस्त्री फिरवल्यासारखी जात होती. आमची आपा धुणं आपटल्यासारखी. पण आपटत आपटत ती चौथ्या क्रमांकानं भिंतीला पोचली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काठावरचा पांढऱ्या कपड्यातला पंच हात खाली ठेवूनच उभा होता. बाद असतं तर त्यानं हात वर केला असता, एवढं मी शिकले होते.

पाठीवर ती थोडी वाकडी गेली, दोन पट्ट्यांमधल्या दोरीला घासली, पण पाय जोरात चालले होते. आणि मग बेडूक आला. हा तिचा लहानपणापासूनचा प्रकार. डोकं वर, श्वास, डोकं खाली आणि लांबच लांब सरकणं. एकीला मागं टाकलं, दुसरीला टाकलं. जपानी बाईच्या खांद्याला खांदा लावला आणि पुढं निघाली. मी बाकावर उभी राहून ओरडत होते. काय ओरडत होते ते मला माहीत नाही. शेजारच्या मलेशियन कुटुंबानं माझ्याबरोबर तेच शब्द ओरडायला सुरुवात केली होती.

भिंत जवळ आली. आणि मला वरून दिसलं, उजवा हात पुढं निघाला होता आणि डावा अडकला होता. पुण्यात झालं होतं अगदी तसंच. एका क्षणात ती भिंतीला पोचली असती, पहिली पोचली असती, आणि बाद झाली असती. आपानं उजवा हात आवरला. पुढं असताना, सगळ्या अंगाचा जोर मागून येत असताना, तिनं तो पाण्यात थांबवला. डावा आला. मग दोन्ही तळवे एकदम भिंतीला टेकले.

तेवढ्यात जपानी बाई वळून पुढं गेली होती.

पंच वाकून बघत होता. त्यानं मान हलवली. हात खालीच.

शेवटची लांबी मोकळ्या पोहण्याची. जपानी बाई एका अंगाच्या लांबीनं पुढं. आपानं पाणी अक्षरशः ओढायला घेतलं. आखडलेला खांदा कुठं गेला कोण जाणे. अर्ध्यात ती तिच्या पायांशी होती, मग कमरेशी, मग खांद्याशी. शेवटच्या काही हातांत मला दोघींच्या टोप्या वेगळ्या दिसेनात. नुसता फेस. आणि दोघी भिंतीला लागल्या.

आपाला चष्म्याशिवाय लांबचं दिसत नाही. फलकावर तिचं नाव होतं, पण तिला तिथं नुसता उजेड दिसत असणार. तिनं शेजारी वळून चक्क मराठीत विचारलं, "बाई, मी कितवी?"

जपानी बाईनं दम खात एक बोट वर केलं.

आपाला वाटलं, ती म्हणतेय एक मिनिट थांब. म्हणून आमची सुवर्णपदक विजेती दोरीला धरून समजूतदारपणे थांबून राहिली. शेवटी मी कठड्यापर्यंत पळत गेले आणि ओरडले, "आपा! पहिली! तू पहिली आलीस!"

"आँ? मग ही बोट काय दाखवतीय?"

"तेच दाखवतेय!"

तेव्हा आपानं दोरीवरून वाकून त्या जपानी बाईला अशी मिठी मारली, की दोघी पाण्याखाली गेल्या. वर आल्या त्या खोकत आणि हसत. पदक गळ्यात पडताना, राष्ट्रगीत वाजताना आपा ताठ उभी होती. मी मात्र रडून रडून, त्या स्वयंसेविकेनं आणून दिलेल्या तिच्या झग्याचा टॉवेल केला होता. तिनं वरूनच मला खूण केली. आधी श्वास घे.

गावात उघडी जीप, ढोल, फुलं, शाळेतल्या पोरींच्या दोन रांगा. ज्या नणंदेनं पोशाखावरून लावून धरलं होतं, ती जीपमध्ये आपाच्या शेजारी बसून सगळ्यांना हात करत होती. संध्याकाळी सगळे पांगले आणि आपाची बॅग घेऊन मी तिच्या घरी गेले. अझहरचा व्हिडिओ कॉल आला. "अम्मी, कमाल केलीस! आता कामावर हाय, मागनं करतो." फोन बंद झाला.

मी निघायला लागले.

"थांब ना, चहा टाकते."

चहा झाला.

"खिचडी टाकू? तुझ्या घरी तरी काय शिजलंय?"

खिचडी झाली. भांडी झाली. मग ती भिंतीला टेकून बसली, पदकाची फीत बोटाला गुंडाळत.

"कुंदे, सांगू? तिथं हॉटेलात जाग आली की मी लगेच उठायची न्हाई. पडल्या पडल्या तुझं घोरणं ऐकायची."

"मी घोरत नाही."

"लई घोरतीस." ती हसली. मग फीत सोडली. "अझहरचे अब्बा गेल्यापासनं या घरात सकाळी दुसऱ्या मानसाचा आवाज न्हाई. हे मेडल मिळालं, लई भारी वाटलं, खोटं कशाला बोलू? पन खोलीत कुनीतरी हुतं ना..."

मी उठले. तीही उठली, मला निरोप द्यायला.

"उशी घेऊन येते माझी," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या उशीवर मला झोप लागत नाही."

मी उशी घेऊन परत आले तेव्हा आपा मधल्या खोलीत दुसरी गादी घालत होती. गुडघ्यावर बसून चादरीच्या सुरकुत्या काढत ती काहीतरी गुणगुणत होती, हळू, अगदी सुरात. इतकी वर्षं आम्ही शेजारी राहतो, पण तिला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.