शंभर कोटींची बरणी

देवेशच्या आकडेमोडीप्रमाणे, पुराचं पाणी शिरून वाकोल्याच्या एका गल्लीत घरटी सरासरी अडीच कोटींचं नुकसान झालं होतं. घरं चाळीस, सगळी दहा बाय बाराची. हवामानाच्या आपत्तींचा खर्च काढणाऱ्या अंधेरीच्या संस्थेत त्याला कामाला लागून तीनच महिने झाले होते आणि अहवाल चार वाजता जायचा होता.

"गल्लीत बंगले आहेत का रे?" माधुरी मॅडमनी विचारलं.

"एकच घर गोंधळ घालतंय, मॅडम. गुणाजी परब. नऊ वेळा नऊ लिहिलेत. उडवू?"

"एका माणसाचं नुकसान तू इथे बसून उडवणार? जा, विचारून ये. आणि आकडा घेतल्याशिवाय येऊ नकोस."

देवेश पोचला तेव्हा गुणाजी दारात वाळत घातलेल्या गादीची राखण करत बसले होते. मागे भिंतीवर कमरेएवढी पाण्याची रेघ होती.

"काका, शंभर कोटींचं काय वाहून गेलं?"

"मसाल्याची बरणी."

"आणि आकडा एवढा?"

"फॉर्मवाली म्हणाली, चौकट रिकामी चलाची नाय. मगे तिच्या फोनवर नऊ दाबीत रवलंय, चौकट भरेपर्यंत."

देवेशने कपाळाला हात लावला. "मालवणी मसाला बाजारात आठशे रुपये किलो आहे. तेवढे लिहितो ना?"

"बाजारात गावता तो येगळो, झिला. ह्यो बायलेन केललो, ती गेली त्या वर्साचो. आयतवारी एक चमचो, बस. अजून धा म्हयने पुरलो असतो."

देवेशला आठशे लिहवेनात आणि शंभर कोटी लिहिले तर नोकरी राहणार नव्हती. तीन वाजून गेले होते. तेवढ्यात शेजारच्या शकुमावशी आपल्या दारातून बाहेर आल्या. पदराआड त्यांनी एक छोटी काचेची बाटली धरली होती.

"भाऊजी, हा मसाला वैनींनी मला दिला होता तेव्हा. आमच्यात काळाच मसाला लागतो, म्हणून तसाच राहिला पोटमाळ्यावर. वापरला नाही, हे सांगायची लाज वाटली बघा."

गुणाजींनी झाकण उघडलं आणि वास घेतला. डोळ्यांतलं पाणी मसाल्याचं नव्हतं, हे देवेशलाही कळलं. पण हातातला फोन वाजत होता. मॅडम होत्या.

"काका, आता तरी आकडा सांगा."

गुणाजींनी बाटली उजेडात धरून बघितली. भाव नीट पारखून ते म्हणाले, "एक नऊ काढ."

"एकच?"

"मसालो गावलो, झिला. बाकीचा नुकसान तसाच रवांदे."

देवेशने एक नऊ पुसला. सरासरी अडीच कोटींवरून पंचवीस लाखांवर आली.

"आता तरी बरोबर आहे का रे?" फोनवर मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम," देवेश म्हणाला. "आता बरोबर आहे."