लोखंडे सरांची शेवटची पानं

लोखंडे सरांच्या वेब पेजवर कोणतंही पुस्तक उघडलं तरी शेवटचं पान मिळायचं नाही. त्या जागी एक ओळ यायची : ‘पुढील मजकूर चिक्कडपल्लीच्या घरी पाहावा. दुपारी चारनंतर. चहा मिळेल.’

सर आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे नांदेडकडचे. जामबागच्या एका कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले. हैदराबादेत छापलेल्या मराठी पुस्तकांची संदर्भसूची करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. हातात धरलेलं पुस्तकच सूचीत घ्यायचं, हा नियम. कुणी नुसतं नाव सांगितलं की विचारतात, “डोळ्यानं पाहिलं का? नाही ना? मग नक्को.”

मी वर्तमानपत्राच्या वेब आवृत्तीत होतो, म्हणून सूचीचं वेब पेज करायचं काम माझ्याकडे आलं. लेखक, मुद्रक, साल हे रकाने सरळ बसले. ‘कुठे मिळेल’ या रकान्यापाशी अडलं. जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे सरांनी आपल्या घराचा पूर्ण पत्ता लिहिला होता, ‘जिना अंधारा आहे’ या सूचनेसह.

“सर, पत्ता एकदाच पेजच्या वर टाकू.”

“नक्को. माणूस एका पुस्तकासाठी येतो. त्याला वर कशाला पाठवता?”

मी म्हटलं, पुस्तकं स्कॅन करून जोडली तर कुणाला यायलाच नको. काही दिवसांनी सरांनी स्कॅन आणून दिले. प्रत्येकात एक पान कमी.

“चुकून राहिलं का?”

“मास्तराचं चुकून राहत नाही.”

“लोक शिव्या देतील.”

“देऊ देत. त्यासाठी इथं यावं लागेल.”

पेज सुरू झालं. सर रोज चारला दार उघडून बसू लागले. बरेच दिवस फक्त वीजमीटर पाहणारा आला. त्याला चहा मिळाला.

मग एका संध्याकाळी अंबरपेठहून अश्विनी आली. बँकेत नोकरीला. तिच्या आजोबांनी वस्तीतल्या रात्रशाळेची हकिकत लिहून छापली होती. घरात प्रत उरली नव्हती. मी तिथंच होतो.

“सर, लास्ट पेज कायको नाही टाकलं? ऑफिस सुटल्यावर तीन बस बदलून आले मी.”

“बस, बेटा. हे घे, वाच.”

“मराठी बोलता येतं मला. वाचताना अटकते.”

सरांनी वाचून दाखवलं. शेवटी आजोबांनी पत्नीचे आभार मानले होते. शाळेच्या कंदिलाच्या काचा ती रोज पुसून ठेवी. अश्विनी म्हणाली, “पुन्हा वाचा ना.” सरांनी पुन्हा वाचलं आणि पुस्तिका तिच्या हातात दिली. मग ती स्वतः वाचू लागली. ‘कृतज्ञता’पाशी फार वेळ थांबली. सरांनी तो शब्द सांगितला नाही. तिचा तिलाच लागला.

“रविवारी येऊ का, सर?”

“हौ, ये.”

ती गेल्यावर सरांनी सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यापुढे ठेवला.

“सगळी शेवटची पानं आहेत. चढवून टाका.”

“मग कुणी येणार नाही, सर.”

“येणार आहे की. रविवारी.”