पाट्या फोडणारे दौलतराव

दौलतरावांनी एका सकाळी माझ्या अंगणात नऊ पाट्या फोडल्या. रागाने नव्हे, अगदी शिस्तीत. पाटी कमरेइतक्या उंचीवर धरायची, हात सोडायचा आणि तुकड्यांकडे बघून म्हणायचं, "हा बेपारी गेला."

दौलतराव वणीतले माझे शेजारी. राजूरच्या कोळसा खाणीत मजुरांची हजेरी मांडायची नोकरी त्यांनी बरीच वर्षं केली. मग ती सोडून आमच्या शाळेसमोर एक खोली भाड्याने घेतली. तिथे पाट्या, वह्या, टाक, शाई विकायची होती. फळ्या ठोकून झाल्या, दारावर नाव रंगवून झालं. माल मात्र येईना, कारण तो कोणाकडून घ्यायचा हेच ठरेना. शाळा उघडायला पंधरा दिवस उरले तरी फळ्या रिकाम्याच.

माणूस एका जागी ठरत नसे. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. "घाई काहीच नाही, गुरुजी," असं म्हणत पायांत वहाणा सरकवायचे, "पण चला."

व्यापारी नमुने पाठवत आणि दौलतराव त्यांची परीक्षा घेत. शाई आली की ती स्वतःच्या धोतरावर सांडायची आणि बायकोला, सखूबाईंना, धुवायला द्यायची. डाग निघाला तर शाई नापास. "तीन धोतरं गेले, गुरुजी," सखूबाई मला म्हणाल्या. "तुमी तरी समजावून सांगा." वह्यांची पानं ते दोनदा मोजत. एकदा तर त्यांनी चार व्यापाऱ्यांना पत्र टाकलं, की आम्हाला डावखुऱ्या मुलांच्या पाट्या हव्यात. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथ्याने कळवलं, डावखुऱ्या पाट्या भरपूर आहेत, लगेच पाठवतो.

"कटला," दौलतराव म्हणाले.

शेवटी दोनच व्यापारी उरले, एक यवतमाळचा आणि एक कळंबचा. मीच हट्ट धरला की आता प्रत्यक्ष जाऊन ठरवा. तेव्हा मात्र "पण चला" म्हणणारा माणूस दोन दिवस सबबी सांगत राहिला. कधी पाय दुखे, कधी मोटारीला गर्दी असे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच मोटारीत बसवलं.

यवतमाळचं दुकान मोठं होतं. पाट्या पडूनही फुटल्या नाहीत, वह्यांची पानं पुरी भरली. माझा जीव भांड्यात पडला. उन्हातून आलो होतो, म्हणून मी पाणी मागितलं. दिवाणजींनी गाव विचारलं, मग आमची आडनावं विचारली. दौलतरावांनी आपलं सांगितलं. मग पाणी आलं. माझ्यासाठी पेल्यात आलं. दौलतरावांना नोकराने दाराबाहेर बोलावलं आणि त्यांच्या ओंजळीत वरून तांब्या ओतला.

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून दौलतराव कोणापुढे वाकत नसत. त्या ओंजळीवर मात्र ते वाकले, पाणी प्यायले, तोंड पुसलं. "माल चांगला हाय," म्हणाले आणि चालू लागले. माझा पेला तोवर रिकामा झाला होता.

कळंबच्या मोटारीत ते सारा वेळ टाकाच्या निफांविषयी बोलत राहिले. एकही वाक्य पुरं करत नव्हते.

कळंबचं दुकान म्हणजे एक ओसरी. मालक आबाजी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला किडकिडीत म्हातारा. दौलतरावांनी आल्या आल्या पाटी उचलली आणि सोडली. तिचे दोन तुकडे झाले.

"काहून फोडली?" आबाजी म्हणाले. "पाटी लिहायले असते, बापा. बसा. आधी पानी प्या." त्यांनी माठात पेला बुडवून दौलतरावांच्या हातात दिला.

दौलतराव पेला धरून तसेच उभे. न विचारताच त्यांनी आपलं आडनाव सांगितलं, जरा मोठ्यानेच.

आबाजींनी चष्म्यातून बघितलं. "मंग? तुमाले पाट्या येगळ्या लागते का?"

दौलतरावांनी पाणी संपवलं. मग पाट्या, वह्या, शाई, सगळं तिथेच सांगून टाकलं. एकही पान मोजलं नाही.

मोटारीची वाट पाहताना मी म्हटलं, "पाटी फुटली की हो."

"फुटू द्या." ते रस्त्याकडे बघत होते. "माल न्यायले दर महिन्याले जा लागन, गुरुजी. जन्मभर. जायाचं भेव वाटन अशा दारातून कायले आनू माल? घरी बसून पाट्या फोडल्या तं कोनाच्या दारी जा लागत नाही. म्हनून फोडत होतो."

मला यवतमाळचा पेला आठवला. "मी तिथं पाणी पिऊन मोकळा झालो, दौलतराव. काही बोललो नाही."

"तुमाले तहान लागली होती," ते म्हणाले. त्यात टोमणा आहे का, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता.

मोटार दिसली तसे ते माझ्याजवळ सरकले. "हे घरी सांगू नका. सखूले वाटते, मी कोनाले भेत नाही."

शाळा उघडली त्या सकाळी फळ्या भरलेल्या होत्या. दुकानाबाहेर पोरांची ही गर्दी. सखूबाई दारात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाह्यलं ना गुरुजी? माह्या मानसानं साऱ्या बेपाऱ्यायले पानी पाजलं."

"हो," मी म्हणालो.