सरकीत पुरलेला फोन

धनसिंग राठोड मशीनला रागावल्याशिवाय ती चालू करत नसे. सकाळी सातला कापसाच्या जिनिंगमध्ये शिरायचा, पहिल्या मशीनसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि विचारायचा, "काहून वं, लाज वाटते का तुले? काल दुपारी कायले बंद पडली?" मग दुसरी, मग तिसरी. ओळीनं चोवीस मशिनींची अशी हजेरी झाली की मगच स्टार्टर दाबायचा. आणि गंमत म्हणजे दिग्रसच्या साऱ्या जिनिंगांत आमच्याच मशिनी कमी बंद पडायच्या.

तो दिग्रसजवळच्या तांड्यावरचा, जिनिंगमधला फिटर. मी तिथला स्टोअरकीपर. माणूस चोवीस तास रागात. एसटीच्या कंडक्टरवर राग, लग्नातल्या थंड जिलेबीवर राग, उन्हावर राग. एकदा मी त्याला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला नेलं, तर हात जोडून देवालाच म्हणाला, "लाज वाटते का? पाणी काय आमी मेल्यावर पाडतं?" मागच्या रांगेतल्या बाईनं घाबरून दोनदा गाल बडवून घेतले.

रागाखालोखाल त्याचा भरवसा सरकीवर. कापसातून रुई काढली की जे बी उरतं ती सरकी. जिनिंगच्या आवारात तिचे घराएवढाले ढीग, आणि आत हात घातला तर ऊब. आम्ही सगळेच कैऱ्या, सीताफळं त्यात पिकवायचो. पण धनसिंग भिजलेले बूट सरकीत ठेवायचा, गुडघा दुखला की ढिगात मांडीपर्यंत पाय खुपसून बसायचा. कोणी काहीही तक्रार सांगो, याचा एकच इलाज, "सरकीत ठेवा." माझा मेव्हणा सहा महिने नोकरीशिवाय बसला होता, त्याच्यासाठीसुद्धा यानं हेच सुचवलं होतं.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्या वर्षांबद्दल बोलायला लागलो की माझं आजही डोकं फिरतं. मोठमोठे लोक गाड्यांतून यायचे, फोटो काढायचे, पाणी प्यायचे आणि जायचे. आमच्या जिनिंगला टाळं लागलं. आमच्याकडं कापूस होता, मशिनी होत्या, त्या चालवणारे हात होते, आणि तरी आम्हाला आफ्रिकेत, टांझानियात, दुसऱ्यांचा कापूस पिंजायला जावं लागलं. तिथल्या एका जिनिंगला हिंदुस्थानातला फिटर आणि स्टोअरकीपर हवा होता. धनसिंग आणि मी गेलो. एक खोली, दोन खाटा, एक स्टोव्ह. पहिल्याच सकाळी त्यानं तिथल्या मशिनींना वऱ्हाडीत झापलं. तिथले कामगार आधी हसले, पंधरा दिवसांनी तेही रांगेत उभं राहून "लाज वाटते का" म्हणायला लागले.

फोन माझ्याकडंच होता. धनसिंगनं घेतलाच नाही. म्हणायचा, "मले कोनाले बोलाचं हाये?" बायको त्याला फार पूर्वी सोडून गेली होती, पोरंबाळं नव्हती. म्हातारी आई होती, तिला तो याडी म्हणायचा. ती आम्ही आफ्रिकेत गेल्यावर पहिल्याच वर्षी वारली आणि याला ते अकरा दिवसांनी कळलं. त्या दिवशी त्यानं एकाही मशीनला रागावलं नाही. मी डाळ शिजवली.

दुसऱ्या वर्षी माझी बायको सुनंदा बाळंतपणाला यवतमाळच्या दवाखान्यात होती. पहिलं मूल आमचं पोटातच गेलं होतं. या खेपेला तिचं ब्लडप्रेशर चढलेलं, डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं होतं. तिच्याजवळ माझी आई होती, आणि आईजवळ मेव्हण्यानं पंधरा दिवसांपूर्वी घेऊन दिलेला नवा मोबाइल.

गुरुवारी संध्याकाळी तोंड धुवायला वाकलो आणि खिशातला फोन पाण्याच्या ड्रममध्ये. मी हात घालून काढला तर दिवा बंद, आवाज बंद, काहीच नाही. मी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडं पळणार, तर धनसिंगनं हातातून हिसकला. तो दुरुस्तीवाला चोर आहे म्हणे, आतले पार्ट काढून घेईल म्हणे. त्यानं बॅटरी काढली, फोन रुमालात बांधला आणि सरकीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पुरला. वर खुणेला एक पाना खोचला. "सकाळी खणखणीत वाजते का नाई पाहा," असं म्हणून घोरायला लागला. मी त्याचं ऐकलं, हा माझा गाढवपणा. पण मीही दिग्रसचाच, सरकीवर माझाही विश्वास.

सकाळी उठून पाहतो तर ढीगच नाही. पहाटे ट्रक भरून सरकी तेलाच्या गिरणीला गेली होती. पाना मात्र कोणीतरी इमानदारीनं भिंतीला टेकवून ठेवला होता.

मी त्या सकाळी धनसिंगला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. तो मान खाली घालून उभा. आईचा नवा नंबर त्या फोनमध्ये, मेव्हण्याचा त्यात, शेजाऱ्यांचाही त्यातच. आमच्या घरचा जुना फोन नवा मोबाइल आल्यावर कापून टाकलेला. तिकडं सुनंदाला टेबलावर घेत असतील आणि मी इथं एका पान्याकडं पाहत उभा.

आम्ही मिळेल त्या गाडीनं गिरणीच्या गावी गेलो. तिथं शेकडो पोती. मुकादमाच्या हातापाया पडलो, एकेक पोतं सोडलं, उपसलं, परत भरलं. धनसिंग पोत्यांनाही रागावत नव्हता. दुपारी तीनला रुमाल सापडला. फोन गरम होता, तेलकट होता आणि मेलेला होता. आतलं कार्ड मुकादमाच्या फोनमध्ये घालून पाहिलं, त्यात एकही नंबर नाही. मी पोत्यांवर बसलो आणि सरळ रडायला लागलो. रागानं रडत होतो, पण रडत होतो.

धनसिंग बराच वेळ पायानं सरकी इकडची तिकडं करत राहिला. मग म्हणाला, "चला बाबू. मले नंबर मालूम हाये."

मी म्हटलं, कोणाचा?

"आईचा."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं, माझ्या आईचा, आणि मी त्याची कॉलर धरली. सकाळपासून हा नंबर याच्या डोक्यात होता! दिवसभर मला पोती उपसायला लावली! "काहून नाही सांगितलं रे?" मी ओरडलो. त्यानं कॉलर सोडवूनही घेतली नाही.

गिरणीच्या त्या गावच्या बाजारात एक बाई लाकडी खोलीत फोन ठेवून बसायची. तिनं धनसिंगला पाहिलं आणि हसून तिच्या भाषेत म्हणाली, आज तर रविवार नाही. तिथं मला एकेक उमगायला लागलं. हा दर रविवारी दाढी करायला म्हणून या गावाला यायचा आणि दाढी तशीच घेऊन परत यायचा. माझ्या ते कधी लक्षात आलं नाही, इतका मी स्वतःतच. पंधरा दिवसांपूर्वी नवा नंबर फोनमध्ये भरताना मी तो मोठ्यानं वाचला होता, तेवढ्यावर यानं पाठ करून टाकला होता.

धनसिंगनं न अडखळता नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मी हॅलो म्हणायच्या आत आईचा आवाज आला, "धनसिंग, मेल्या, होतास कुठं? तो माझा पोरगा फोन उचलत नाही, काल रात्रीपासून जीव टांगणीला लागलाय. दोघांना काही अक्कल आहे का? जेवलास का पण?"

म्हटलं, आई, मी आहे.

पलीकडं आई रडत हसली. मुलगी झाली होती. सकाळी साडेदहाला. सुनंदा शुद्धीवर आली होती, बरी होती, पाणी मागत होती. मी भिंतीला टेकलो. किती वजन, कोणासारखी, मी काय काय विचारत होतो कोण जाणे.

मग माझा फोन सरकीत कसा गेला ते सांगितलं आणि विचारलं, हा धनसिंग तुला कधीपासून फोन करतो?

आई म्हणाली, "तुला मागच्या पावसात ताप आला होता ना, तेव्हा कळवायला केला होता. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, माझ्या पोराला भिजू काहून दिलं म्हणून. तर पुढच्या रविवारी परत फोन. म्हणाला, 'आई, रागवा थोडं. याडी गेल्यापासून मले कोनी रागवत नाई.' तेव्हापासून दर रविवारी रागावते बापा. काही नसलं तरी काढते काहीतरी शोधून."

मी मागं वळून पाहिलं. धनसिंग दाराशी उभा होता, अंगभर सरकीचे तंतू चिकटलेले, आणि एखाद्या पोराची चोरी पकडल्यावर होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

"दे त्याला," आई म्हणाली. "फोन सरकीत घालतं का कोणी? हे त्याचंच डोकं असणार. दे आधी त्याला."

मला अजून मुलीबद्दल विचारायचं होतं. सुनंदाला दोन शब्द बोलता येतील का ते विचारायचं होतं. राग तर इतका होता की त्याला तिथंच लोळवावं. मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हो आई. चुकलं आई."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. म्हटलं, होऊ दे त्याचं पोटभर.